तळखारची उघाडी कोणाच्या नावे

मी, कुमारी कीर्ती बुधाजी घरत, वय वर्षे एकतीस, खारघरच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक, राहणार मौजे तळखार, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या घरात, दिवसाउजेडी लिहीत आहे. कोणी भरीस घातले म्हणून नाही. उलट लिहू नको असे दोघांनी बजावले आहे आणि ते दोघे पुढे येतीलच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर पुन्हा करायची वेळ आली तर आनंदच होईल, कारण त्याचा अर्थ मी जिवंत आहे.

येत्या मंगळवारी माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. शस्त्रक्रिया साधी आहे असे डॉक्टर म्हणतात. माझे लग्न झालेले नाही, आईवडील हयात नाहीत. मी काही न लिहिता गेले तर कायद्याने माझे सगळे माझ्या थोरल्या भावाला, प्रितेशला, जाईल, आणि त्यातली एक जागा तो माझ्या तेराव्याच्या आत ‘नीलवेल लेकसाइड’च्या बिल्डरला देईल. ती जागा त्याच्या हाती पडू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. बाकीची कलमे त्यामानाने किरकोळ.

१. माझ्या मनाच्या स्थितीबद्दल. मला चिंतेचा त्रास आहे आणि त्यासाठी रोज एक गोळी चालू आहे. हे मी आपणहून लिहिते. उद्या कोर्टात दुसऱ्याने ते उकरून काढण्याआधी ते माझ्या शब्दांत नोंदलेले बरे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे माझ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. माझा भाऊ गावात ‘तिचा डोका फिरलाय’ असे सांगत असतो, म्हणून त्यालाही कळावे: पाऊस किती, भरती कधी, फळ्या घातल्या का, याची चिंता करणे हे आमच्या घराचे चार पिढ्यांचे काम आहे. मी तेच करते. वेड लागले असेल तर ते चिंता सोडून दिलेल्यांना लागले आहे.

२. उघाडीबद्दल. हे कलम खारपट्टी न पाहिलेल्यांसाठी आहे. वाचणारे न्यायाधीश मराठवाड्यातलेही असू शकतात. आमचे गाव खाडीच्या बांधाआड आहे आणि मोठ्या भरतीचे पाणी आमच्या अंगणापेक्षा उंच असते. बांधाला एक दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. दगडी खोबणीत वरून सोडायच्या जाड लाकडी फळ्या, एवढेच ते. भरतीला फळ्या खाली, म्हणजे खाडी आत येत नाही. ओहोटीला फळ्या वर, म्हणजे गावातले पावसाचे पाणी बाहेर पडते. भरती आणि पाऊस एकदम आले तर ओहोटी लागेपर्यंत गावाचे पाणी जिथे थांबते, ते आमचे तळे. म्हणून पावसाळ्यात तळे रिकामे ठेवावे लागते. भरलेले तळे आमच्या गावात सौंदर्य समजत नाहीत, निष्काळजीपणा समजतात.

उघाडीखालची आणि तिच्याकडे जाणाऱ्या पायवाटेची जागा माझी आत्या सोनाबाई हिच्या नावे होती. आजोबांनी ती मुलाला न देता मुलीला दिली, कारण मुलगा झोपाळू होता. (मुलगा म्हणजे माझे वडील. हे ते स्वतःच हसत सांगत.) आत्या विधवा होऊन माहेरी आली आणि जन्मभर उघाडी तिनेच सांभाळली. मी बालवाडीत जाण्याआधी तिने मला बांधावर बसवून पाऊणकी पाठ करून घेतली, कारण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चुकले की ती म्हणे, “चुकलीस. गेली बग तुजी भामाकाकू वाहून.” आमची शेजारीण भामाकाकू समोरच निवट्या, चिखलातले मासे, साफ करत बसलेली असे. ती ओरडे, “माला कशाला बुडवतंव रोज? तुमच्या घरातला कोन बुडवा की!”

ही जागा आत्याने चार वर्षांपूर्वी बक्षीसपत्राने मला दिली. सातबाऱ्यावर माझे नाव आहे.

३. किरकोळ मिळकत. माझी स्कूटर माझी सहकारी हृतिका हिला. ब्रेक डावीकडचा सैल आहे, आधी दुरुस्त करावा. बँकेतील शिल्लक आधी रुग्णालयाचे बिल भागवण्यासाठी, उरलेली गावच्या शाळेला, पुस्तकांसाठी. राहत्या खोलीतील सामान वहिनीने हवे ते घ्यावे. आत्याची लोखंडी पहार मात्र सामानात धरू नये, तिच्याबद्दल कलम ७ मध्ये आहे.

भामाकाकूला मी काहीही ठेवलेले नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलबाईंनी सांगितले. हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, “मंग साक्षीदार दुसरा बग. माला तुजी स्कूटर दे.” तिला स्कूटर चालवता येत नाही. तिने सही करायचे कबूल केले आहे.

४. नीलवेलची जमीन. आमच्यात वडील गेल्यावर बहिणी भावाच्या नावे हक्क सोडतात आणि भाऊ बहिणीला साडी नेसवतो. न सोडणाऱ्या बहिणीला माहेरच्या मांडवात पाट मिळत नाही. दादाने मला तहसील कार्यालयात नेले तेव्हा अंजिरी कांजीवरम त्याच्या बगलेत होती. म्हणाला, “खारट जमीन हाय गो, भातपन धड येत नाय. पन आपली हाय. मी कसीन.” मी सही केली. त्याने एक हंगामही कसली नाही. त्या जमिनीवर आज नीलवेलचे तीन मनोरे उभे आहेत आणि प्रत्येक गॅलरीचे तोंड आमच्या तळ्याकडे आहे.

नीलवेलबद्दल मला खोटे काही लिहायचे नाही. त्यांच्या छतावरची सौर पॅनेल चालतात. सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र चालते. मी त्यातून बाहेर पडणारे पाणी स्वतः प्रयोगशाळेत तपासले आहे, ते स्वच्छ होते. ओल्या कचऱ्याचे खत होते. हे सगळे चांगले आहे आणि चांगलेच म्हणावे लागेल. पण पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ‘निसर्गाच्या कुशीत, बारमाही तुडुंब तळ्याकाठी’ असे छापले आणि ते खरे करायला उघाडीच्या फळ्या खाली टाकून वर लोखंडी पट्टी आणि कुलूप ठोकले. पक्षी पाहायला सागवानी मचाण बांधले. ज्या पक्ष्यांची चित्रे मचाणावर लावली आहेत ते सगळे चिखलात चोच घालून खाणारे आहेत. चिखल पाण्याखाली गेला त्या वर्षीपासून ते येत नाहीत. आता लोक मचाणावर उभे राहून चित्रेच पाहतात.

कुलूप लावायला परवानगी कोणी दिली? दादाने. ‘कुटुंबप्रमुख या नात्याने माझी हरकत नाही’ असे पत्र त्याने दिले. जागा त्याची नव्हती. मी पोलीस ठाण्यात गेले, पंचायतीत गेले, तहसीलला गेले. सगळीकडे मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि घरातला वाद घरात मिटवा असे सांगितले.

त्यांना कळत नव्हते, असे कोणी म्हणू नये. त्यांचे साइट इंजिनिअर धर्मराज यांना मी उघाडी समजावून सांगू लागले तेव्हा त्यांनी मला थांबवले. “मॅडम, मला माहीत आहे. मी लेखी दिलंय वर. पण रिकाम्या तळ्याचा व्ह्यू विकता येत नाही.” ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी एक शब्द खोटा सांगितला नाही, म्हणून मला त्यांचा जास्त राग येतो.

५. गेल्या श्रावणातील पिठोरी अमावास्या. अमावास्येची भरती सव्वाअकराची. पहाटेपासून पाऊस लागून राहिला होता आणि तळे आधीच काठोकाठ. नीलवेलमध्ये त्या दिवशी ‘मान्सून लेक फेस्टिव्हल’ होता. पलीकडून गाणी ऐकू येत होती. अकरापर्यंत पाणी आमच्या ओट्यावर आले. भामाकाकूची चूल विझली. आत्या म्हणाली, “ओहोटी लागली का फल्या काडाच्या. चल.” तिचे वय शहात्तर होते. मी नको म्हटले, तर म्हणाली, “मंग काय तुज्या दादाला बोलवू?” दादा फेस्टिव्हलच्या मांडवात होता.

आम्ही तिघी गेलो: आत्या, मी आणि माझी वहिनी हेतल, दादाची बायको. कुलपाची चावी चौकीदाराकडे नव्हती, विक्री कार्यालयात होती, आणि विक्री कार्यालय पाहुण्यांत होते. मी तिथे चिखलाने भरलेली गेले. बिल्डरचे भागीदार उदयसिंह शेठ लोकांना भजी वाढायला सांगत होते. मला म्हणाले, “ताई, फोटो चालू आहेत. चार वाजता बघू ना.” दादा त्यांच्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मग पावसाकडे पाहिले.

मी परत आले तेव्हा आत्या कमरेइतक्या पाण्यात उघाडी धरून उभी होती. वहिनीने कुलूप तोडायला घेतले होते. ती उरणच्या मिठागरवाल्यांची मुलगी आहे. तिला फळी कुठे धरायची ते सांगावे लागले नाही. पहारीने पट्टी वाकवायला दुपार उलटली. फळ्या निघाल्या तशी आत्या म्हणाली, “जा बाय, जा आता,” ते पाण्याला. तिच्या पायाला पत्र्याने कापले होते. मला तिने ते दाखवले नाही.

गणपती बसले त्या आठवड्यात ती तापली. लेप्टो निघाला, साचलेल्या पाण्यातून जखमेत शिरणारा. अनंत चतुर्दशीला गेली. गावाचे विसर्जन त्या दिवशी वाजतगाजत नीलवेलच्या घाटावरून झाले, कारण पाणी तिथे छान होते.

पुढच्या आठवड्यात उदयसिंह शेठ मोठा पुष्पगुच्छ घेऊन घरी आले. “सोनाबाईंची आठवण कायम राहायला हवी. तळ्याभोवतीच्या जॉगिंग ट्रॅकला आम्ही त्यांचं नाव देतो. ‘सोनाबाई नेचर ट्रेल’. दगडात कोरून.” मी त्यांना बाहेरचे दार दाखवले. पुष्पगुच्छ म्हशीने खाल्ला.

म्हणून या कलमान्वये स्पष्ट नमूद करते की सोनाबाई घरत किंवा कीर्ती घरत यांच्या नावे नीलवेलच्या हद्दीत कोणताही रस्ता, बाक, झाड, कारंजे, दगड किंवा पाटी असू नये. नाव कोणाचे द्यायचेच असेल तर कुलपाच्या कंपनीचे द्यावे.

६. रुग्णालयातील भेट. तपासण्यांसाठी दाखल झाले तेव्हा अर्जात ‘जवळचा नातेवाईक’ असा रकाना होता. मी सवयीने दादाचे नाव लिहिले. रुग्णालयाने त्याला फोन केला आणि तो शहाळी घेऊन आला. आठ महिन्यांत तो माझ्याशी बोललेला नव्हता. माझ्या पायाशी बसला, डोळ्यांत पाणी आणले. ते खरेही असेल. मी त्याच्यावर अन्याय करू इच्छित नाही. मग म्हणाला, “कीर्ते, देव करो आन काय न होवो. पन काय झालाच त त्या जागंचा काय? कोरटात अडकंल. त्यापरीस आत्ताच मुखत्यारपत्र दे. उदयशेठ खालीच हायेत गारीत.”

मी विचारले, “दादा, शेठला उघाडी कशाला हवी आहे?”

“पक्की भित बांधाची. कायमचा लफडा मिटंल.”

“आणि पावसाचं पाणी?”

“त्यांनी पंप सांगितलाय. मोठा.”

“लाइट गेली तर? पावसात रोज जाते.”

“तू मरतेस का वाचतेस ते बग आदी,” तो म्हणाला, आणि लगेच त्याने जीभ चावली.

खाली जाऊन तो परत आला, शेठना घेऊन. शेठ म्हणाले की मृत्युपत्र वगैरे या वयात अशुभ असते, असले काही लिहून ठेवू नये. दादानेही मान हलवली. मला मृत्युपत्र करता येते हे तोवर सुचले नव्हते. त्याबद्दल मी उदयसिंह शेठ यांची आभारी आहे.

७. उघाडीची जागा. वर कलम २ मध्ये वर्णन केलेली उघाडीखालची जागा, पायवाट, फळ्या, दगडी खोबणी आणि आत्याची पहार, हे सर्व मी माझी वहिनी सौ. हेतल प्रितेश घरत हिला देत आहे. फक्त तिला. तिच्या पतीचा, सासरच्या कोणाचा किंवा कुटुंबप्रमुख म्हणवणाऱ्या कोणाचाही त्यात हक्क नाही. यापुढे उघाडीबद्दल कोणाला ना हरकत पत्र हवे असेल तर त्यावर हेतलची सही लागेल.

गावकीला दे, असे गावातल्या काहींनी सुचवले. गावकी मला प्रिय आहे, पण नीलवेलने देवळाला संगमरवरी फरशी दिली त्या दिवशी गावकी किती वेळात गप्प बसली ते मी पाहिले आहे.

वहिनीला मी विचारल्याशिवाय लिहिलेले नाही. पहिल्यांदा विचारले तेव्हा ती म्हणाली, “नको ताई. घरात रोज भांडान व्हईल. तुमी सुटाल, मला त्यांच्यासंगती राहाचंय.” यात ती चूक नव्हती. मी तिला सांगितले की दादा तुझ्यावर रागावेल, बोलणार नाही, कदाचित ताट भिरकावेल. पण ज्या घरात त्याला दोन वेळा जेवायचे आहे त्या घरातल्या सहीपुढे तो नमेल. माझ्या सहीपुढे तो कधीच नमणार नाही, कारण त्याच्या मते ती एकदा साडीवर विकत घेतलेली आहे. त्यावर ती भांडी घासत राहिली.

८. अटी. पावसाळ्यापूर्वी तळे रिकामे करावे, उघाडीला कुलूप असू नये, जागा विकू नये. मालकी देऊन टाकल्यावर अशा अटी कायद्यात टिकत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या. तर मग याला विनंती समजावे. नीलवेलमधल्या कुटुंबांनाही माझी विनंती: त्या अमावास्येला तुमच्या तळघरातल्या गाड्याही बुडाल्या होत्या. तुम्हाला तळे विकले, त्याचे काम काय ते सांगितले नाही. त्यात तुमचा दोष नाही. आता मात्र तुम्हाला माहीत आहे.

९. माझ्या भावाबद्दल. मी प्रितेशला माफ केलेले नाही. मरणाऱ्या माणसाने सर्वांना माफ करून जावे अशी रीत आहे. मी ती पाळू शकत नाही, कारण तसे लिहिले तर ते खोटे ठरेल आणि या कागदात एक खोटे निघाले की बाकीचेही खोटे ठरवतील. त्याने मला सायकल शिकवली होती. तेही खरे आहे.

१०. ~~हक्कसोडीच्या वेळी दादाने दिलेली अंजिरी कांजीवरम साडी मी एकदाही नेसलेली नाही, घडी मोडलेली नाही. ती त्याला परत द्यावी. हेतलने उद्या कधी उघाडीवरचा हक्क सोडला तर त्याने तिला तीच नेसवावी. नवीन घ्यायचा खर्च नको.~~

(कलम १० मी स्वतः खोडले आहे, शेजारी सही केली आहे. कारण खाली देते.)

११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अ‍ॅड. रंभा ठोंबरे यांनी करावी. सोमवारी ते नोंदवायचे आहे.

सही करण्यापूर्वी. हे सर्व लिहून झाल्यावर, आज दुपारी, साक्षीदार यायच्या आधी वहिनी माझ्या खोलीत आली. मी तिला कागद वाचून दाखवला. दहाव्या कलमाशी तिने मला थांबवले.

“ताई, ह्या काडा.”

“का? दादाला लागेल म्हणून?”

“त्यांना लागू दे. पन ह्या वाचून मला असा वाटतंय का तुमी धरूनच चाललंव मी सोडनार.”

मी साडी काढून तिच्यापुढे ठेवली आणि विचारले, मग हिचे काय करू? तिने पदर उलगडून पाहिला, काठ दोन बोटांत ताणून पाहिला. फळ्यांच्या फटींतून भरतीचे पाणी झिरपते म्हणून आत्या दर वर्षी जुनी लुगडी फाडून चिकणमातीत कालवून फटींत दाबत असे. गेल्या वर्षीपासून ते काम राहिले आहे.

“फटी भरू,” वहिनी म्हणाली. “चांगली घट हाय. धा वरसं टिकंल.”

म्हणून कलम १० ऐवजी: सदर साडी फाडून तळखारच्या उघाडीच्या फटींत भरावी. हे काम माझ्या मृत्यूची वाट न पाहता उद्याच करायचे आहे. तिने मला उद्याची तिथी विचारली. मी अष्टमी म्हटले, तशी ती बोटे न मोजता म्हणाली, “आठं पाऊन सा. म्हंजे सकाली सा वाजता भरती. जेवून जाऊ, ओहोटीवर.” आणि जाताना कोपऱ्यातली पहार घेऊन गेली. मी अजून मेलेली नाही, हे तिला सांगावेसे वाटले, पण सांगितले नाही.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, बरोबर आहे. साक्षीदारांसमोर सही करते.

कीर्ती बुधाजी घरत

साक्षीदार:
१. भामाबाई गणू कोळी, राहणार तळखार (सही, अंगठा नको, सही येते, असे तिने लिहायला सांगितले)
२. डॉ. मनिषा कडू, पनवेल (सही)

ठिकाण: तळखार, तालुका पनवेल
दिनांक: ९ मे २०२६, वैशाख वद्य सप्तमी